पॅलॅडिन : एका व्रताचा इतिहास

कल्पनारम्य व्हिडिओ गेम खेळायला बसणाऱ्याला गुहा, राक्षस आणि खजिने दिसण्यापूर्वी एक दफ्तरी स्वरूपाचे काम उरकावे लागते. आपण कोण, आपला वंश कोणता, पेशा कोणता, अंगी बळ किती आणि बुद्धी किती, हा सारा तपशील त्याने भरून द्यायचा असतो, आणि त्यावरूनच पुढे कित्येक रात्री पुरणारे त्याचे खेळातील आयुष्य ठरते. पेशांच्या यादीत लढवय्या असतो, चोर असतो, जादूगार असतो, आणि त्यांच्याच पंक्तीत, चिलखत ल्यालेला आणि ढालीवर पवित्र चिन्ह मिरविणारा, पॅलॅडिन नावाचा एक व्रतस्थ योद्धा असतो. चोराने दानधर्म केला म्हणून त्याच्या हाताची सफाई जात नाही, आणि जादूगार खोटे बोलला म्हणून त्याच्या मंत्राचे सामर्थ्य घटत नाही. पॅलॅडिनला मिळालेले सामर्थ्य मात्र जुन्या काळच्या सनदेप्रमाणे अटींवर दिलेले असते, आणि अट मोडली की सनद जप्त होते. निदान या पेशाची मूळ कल्पना तशी होती. ती कल्पना कोठून आली, कोणकोणत्या हातांतून गेली आणि आज तिचे काय झाले आहे, हे पाहिले असता असे आढळते की, या खेळातल्या वीराच्या मागे बाराशे वर्षांचा इतिहास उभा आहे, आणि त्या इतिहासात काव्य जितके आहे तितकेच रक्तही आहे.

प्रारंभ एका पराभवाने होतो. इ. स. ७७८ मध्ये फ्रँकांचा राजा शार्लमेन पिरेनीज पर्वत ओलांडून स्पेनमध्ये उतरला. या स्वारीचे निमित्त धर्मयुद्धाचे नव्हते. कोर्दोबाच्या अमिराशी बिनसलेल्या काही मुसलमान सुभेदारांनीच त्याला मदतीला बोलाविले होते. सारागोसाचे दरवाजे मात्र ऐनवेळी उघडले नाहीत, वेढा फसला, आणि परत फिरताना राजाने पाम्प्लोना शहराचा तट पाडून टाकला. १५ ऑगस्ट रोजी रोंसव्हो नावाच्या खिंडीत सैन्याची पिछाडी सापडली असता डोंगरात दबा धरून बसलेल्या बास्क लोकांनी तिच्यावर झडप घातली, सामानसुमान लुटले, आणि रात्र पडताच ते आपल्या रानात पांगले. शार्लमेनचा चरित्रकार आइनहार्ट याने या चकमकीला जेमतेम एक परिच्छेद दिला आहे आणि मृतांपैकी तिघांचीच नावे नोंदविली आहेत : राजाच्या भोजनगृहाचा मुख्याधिकारी एगिहार्ट, राजवाड्याचा काउंट अन्सेल्म, आणि ब्रिटनीच्या सरहद्दीचा सुभेदार रोलां. पॅलॅडिन या नावाची परंपरा ज्या राजवाड्याच्या चाकरीत रुजली, त्या चाकरीतला खरा हुद्देदार या तिघांत अन्सेल्म होय. तो हुजुरातीतला माणूस होता. परंतु कवींनी त्याला विसरून सरहद्दीवरच्या सुभेदाराला उचलले, आणि सव्वातीनशे वर्षांनी, म्हणजे सुमारे ११०० साली, ‘शांसाँ द रोलां’ या चार हजार ओळींच्या वीरकाव्यात तो शार्लमेनच्या बारा श्रेष्ठ सरदारांचा अग्रणी होऊन अवतरला.

या काव्यात इतिहासाची जी उलथापालथ झाली ती मुळीच निर्हेतुक नव्हती. लुटारू बास्कांच्या जागी लाखोंच्या संख्येने मुसलमान सैन्य आले, दबा धरून केलेल्या लुटीच्या जागी सावत्र बापाचा विश्वासघात आला, आणि एका सरहद्दीवरील कटकटीचे धर्मयुद्ध झाले. कारण हे काव्य ज्या पिढीने ऐकले, तिने १०९५ साली क्लेर्माँ येथे पोपचे आवाहन ऐकले होते आणि १०९९ साली जेरुसलेम जिंकून तेथील रहिवाशांची कत्तलही केली होती. काव्यातील रोलांच्या ड्यूरेंडाल नावाच्या तलवारीची मूठ पाहिली म्हणजे या वीराची पुढची सारी वाटचाल ध्यानात येते. त्या मुठीत संत पीटरचा दात, संत बेसिलचे रक्त, संत डेनिसचे केस आणि मेरी मातेच्या वस्त्राचा तुकडा जडविलेला आहे. म्हणजे तलवार आणि देव्हारा या दोन वस्तू एकाच हातात आल्या आहेत. मरणसमयी रोलां ती तलवार शत्रूच्या हाती पडू नये म्हणून खडकावर आपटतो, पण ती मोडत नाही. मग तो आपल्या उजव्या हाताचा मोजा काढून देवासमोर धरतो आणि देवदूत तो स्वीकारतो. त्या काळी धन्याने चाकराला जमीन किंवा अधिकार देताना मोजा देण्याची चाल होती. तोच मोजा धन्याला परत करणे म्हणजे आपल्याकडील ताबा रीतसर सोडणे होय. वीराचे बळ त्याचे स्वतःचे नाही, ते वरून मिळालेले वतन आहे, हा विचार येथे प्रथम स्पष्ट रेखाटला गेला.

तथापि त्याच काव्यात टर्पिन नावाचा एक आर्चबिशप आहे, आणि त्याचे वर्तन पाहिले म्हणजे या वतनाच्या अटी किती सोयीच्या होत्या तेही उघड होते. लढाई सुरू होण्यापूर्वी टर्पिन सैनिकांकडून पापांची कबुली घेतो, त्यांना क्षमा देतो, आणि त्या क्षमेबद्दल प्रायश्चित्त कोणते सांगतो तर शत्रूवर नेटाने वार करण्याचे! जेथे प्रायश्चित्त हेच युद्ध आहे, तेथे युद्धातल्या पापाला प्रायश्चित्त उरत नाही. जे काव्यात झाले तेच लवकर संस्थेच्या रूपाने उभे राहिले. सुमारे १११९ साली जेरुसलेमात टेम्प्लर नावाचा संन्यासी योद्ध्यांचा संघ स्थापन झाला. ११२९ साली त्र्वा येथील धर्मसभेत त्याला नियमावली मिळाली. आणि क्लेर्व्होच्या संत बर्नार्डने या नव्या योद्ध्याची स्तुती करताना, दुष्टाचा वध करणारा माणसाला मारीत नसून दुष्टतेला मारतो, असा युक्तिवाद केला. नियमावली कडक होती, यात शंका नाही. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रते, प्रत्येकी तीनच घोडे, लगामावर सोन्यारुप्याचे काम वर्ज्य, शिकार वर्ज्य, आणि त्यातही सिंहाची तेवढी सवलत. अपराध घडला तर पांढरा झगा काढून घेत आणि अपराध्याला जमिनीवर बसून जेवावे लागे. मात्र ज्या अपराधांसाठी संघातून कायमची हकालपट्टी होई, त्यांत ख्रिस्ती मनुष्याचा वध हे कलम होते. अख्रिस्ती मनुष्याच्या वधासाठी कलमच नव्हते. व्रत होते, शिक्षा होती, परंतु व्रताची हद्द आपल्या माणसांपाशी संपत होती.

मराठी वाचकाला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही, कारण या संघाचे वारसदार मांडवीच्या तीरापर्यंत येऊन पोचले आहेत. फ्रान्सच्या चौथ्या फिलिपने १३०७ साली टेम्प्लरांची धरपकड केली आणि १३१२ साली पोपने संघ बरखास्त केला, तेव्हा पोर्तुगालच्या राजाने आपल्या मुलखातील त्यांची मालमत्ता हातची जाऊ न देता १३१९ साली ‘ऑर्डर ऑफ क्राइस्ट’ या नव्या नावाच्या संघाकडे वर्ग करविली. पुढे राजपुत्र हेन्री या संघाचा प्रशासक झाला, संघाचा पैसा समुद्रशोधनाकडे वळला, आणि पोर्तुगीज गलबतांच्या शिडांवर संघाचा तांबडा क्रूस झळकू लागला. गोवा जिंकणारा आफोन्सो द अल्बुकर्क हा स्वतः सांतियागो नावाच्या अशाच दुसऱ्या योद्धासंघाचा दीक्षित सरदार होता. शार्लमेनप्रमाणे त्यालाही एका स्थानिक नायकानेच, होनावरकडच्या तिमोजाने, चढाईचा सल्ला दिला होता. आणि २५ नोव्हेंबर १५१० रोजी, संत कॅथरीनच्या सणाच्या दिवशी, शहर दुसऱ्यांदा हाती आल्यावर तेथील मुसलमानांची जी सरसकट कत्तल झाली, तिचा वृत्तांत त्याने राजा मॅन्युएलला अभिमानाने कळविला. पवित्र योद्धा हा शब्द उच्चारताना त्याच्या तलवारीच्या दुसऱ्या टोकाला उभे असलेल्यांची आठवण ठेवणे, हे कोकणच्या किनाऱ्यावरून हा इतिहास वाचणाऱ्याचे निदान एवढे कर्तव्य आहे.

युरोपातही या वीराचे तेज असेच अखंड राहिले असे नाही. इटलीत बोयार्दो आणि त्याच्यामागून आरिओस्तो यांनी रोलांचा ओर्लांदो केला आणि त्याला प्रेमात पाडले. आरिओस्तोच्या ‘ओर्लांदो फुरिओसो’त, ज्याची पहिली आवृत्ती १५१६ साली आणि शेवटची १५३२ साली निघाली, हा महावीर प्रेमभंगाने वेडा होतो आणि त्याची हरवलेली बुद्धी परत आणण्यासाठी त्याच्या सोबत्याला चंद्रावर जावे लागते. सिसिलीतील कळसूत्री बाहुल्यांच्या खेळात हेच पॅलॅडिन पितळी चिलखते खणखणवीत रात्रीमागून रात्र लढत राहिले आणि कारागीर, हमाल, कोळी अशा सामान्य प्रेक्षकांचे ते लाडके झाले. आणि स्पेनमध्ये १६०५ साली सेर्व्हांतेसने डॉन किहोते निर्माण केला, ज्याला या सबंध प्रकरणातला पहिला खेळाडू म्हटले तरी चालेल. कारण आजचा खेळाडू पडद्यासमोर बसून जे करतो तेच त्याने आपल्या घरात बसून केले. पणजोबांच्या वेळचे गंजलेले चिलखत त्याने घासूनपुसून काढले, शिरस्त्राणाची उणीव पुठ्ठ्याने भरून काढली, घोड्याला नाव शोधण्यात चार दिवस आणि स्वतःला नाव शोधण्यात आठ दिवस खर्च केले, आणि मग कोठे तो घराबाहेर पडला. पात्र घडविण्याचा हा उत्साह पुढच्या साहसापेक्षा अधिक वेळ खातो, हे जाणत्या खेळाडूंना सांगण्याची गरज नाही.

आता अमेरिकेकडे वळले पाहिजे. पोल अँडरसन या लेखकाची ‘थ्री हार्ट्स अँड थ्री लायन्स’ ही कथा १९५३ साली मासिकातून आणि १९६१ साली वाढवून पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. तिचा नायक होल्गर हा दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्कच्या किनाऱ्यावर जर्मनांशी लढणारा एक इंजिनिअर; तो बेशुद्ध पडतो आणि परीकथेच्या जगात जागा होतो, आणि अखेरीस त्याला उमगते की आपण म्हणजे शार्लमेनच्या सरदारांपैकी ओजिए हा डॅनिश वीरच आहोत. या कथेत जगाची फाळणी ख्रिस्ती आणि अख्रिस्ती अशी नसून सुव्यवस्था आणि अराजक अशी आहे. बदल लहान दिसतो, पण त्याचा परिणाम मोठा झाला. वीराचा शत्रू आता दुसऱ्या धर्माचा माणूस राहिला नाही, आणि वीराची कसोटी जन्माऐवजी वर्तनावर लागू लागली. विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा या गावी राहणाऱ्या गॅरी गायगॅक्सने आपल्याला प्रेरक ठरलेल्या लेखकांची जी यादी पुढे छापली, तिच्यात अँडरसनचे नाव आहे. आणि गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली काढलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या मेजावरच्या खेळाला १९७५ साली ‘ग्रेहॉक’ नावाची जी पुरवणी जोडली गेली, तिच्यात पॅलॅडिन हा पेशा प्रथम दाखल झाला.

पॅलॅडिन होण्याची वाट बिकट होती. त्या काळी पात्राचा प्रत्येक गुण तीन फासे टाकून ठरे, आणि पॅलॅडिनला करिष्मा, म्हणजे माणसे आपल्याकडे खेचून घेणारे व्यक्तिमत्त्व, किमान १७ लागे. तीन फाशांच्या २१६ शक्यतांपैकी १७ किंवा १८ देणाऱ्या शक्यता चारच आहेत. म्हणजे चोपन्न उमेदवारांत एकाचीच वर्णी लागायची. ज्याची लागली, त्याच्या स्पर्शाने जखमा भरत, रोग त्याला शिवत नसत, आणि त्याला असामान्य घोडा मिळे; परंतु गरजेपुरते ठेवून उरलेले धन त्याने दान करावयाचे, जादूच्या वस्तू ठराविक संख्येपलीकडे बाळगावयाच्या नाहीत, आणि अराजकाचे एकही कृत्य हातून घडले तर त्याची सनद तत्काळ रद्द होऊन पुन्हा कधीही मिळावयाची नाही, असा करार होता. १९७८ च्या खेळाडूंच्या नियमपुस्तकात हा मसुदा अधिक नीटनेटका झाला. बळ १२, बुद्धी ९, विवेक १३, शरीरप्रकृती ९ आणि करिष्मा १७ एवढे किमान गुण ठरले. मिळकतीचा दशांश धर्मकार्याला देण्याचे बंधन आले. जादूच्या वस्तू दहापेक्षा जास्त नकोत असे ठरले. आणि अपराधाचे दोन वर्ग पाडून, बेशिस्तीच्या कृत्याला धर्मगुरूपाशी कबुली व प्रायश्चित्त, तर जाणूनबुजून केलेल्या दुष्कृत्याला कायमचे पतन, अशी व्यवस्था लावण्यात आली.

येथेच या लेखाचा मुख्य मुद्दा सांगून टाकतो. मध्ययुगातील पोप, राजे आणि संघ यांनी जे केले नाही ते विस्कॉन्सिनमधल्या या हौशी मंडळींनी केले : त्यांनी पवित्र योद्ध्याच्या व्रताला खरोखरीचा दात दिला. टर्पिनच्या सैनिकाला खून करून क्षमा मिळत होती. गायगॅक्सच्या योद्ध्याचे बळच खुनाने नाहीसे होत होते. शत्रूच्या अंगणातही व्रत लागू राही, आणि विजय मिळाला म्हणून अपराध पुसला जात नसे. पण दात असलेले व्रत सोबत्यांनाही चावते. पॅलॅडिनने सज्जनांखेरीज कोणाची संगत दीर्घकाळ धरू नये असा नियम असल्यामुळे, ज्या मंडळींत एक चोर आणि एक भाडोत्री मारेकरी हटकून असतो, तेथे हा गृहस्थ सर्वांचा कोतवाल होऊन बसे. कैद्याला मारावे की सोडावे यावर अर्धी रात्र वादात जाई. आणि सूत्रधाराचे काम करणारा डंजन मास्टर खट असला तर, दोन्हीकडून पापच पदरी पडेल असा पेच रचून बिचाऱ्याचे पतन घडवून आणणे हाच त्याचा आनंद होऊन बसे. न्याय करणारा माणूस समोर बसला होता हे या व्यवस्थेचे बळ होते, आणि तीच तिची दुर्बलता होती.

व्हिडिओ गेमने हा न्यायाधीश काढून टाकला आणि त्याच्या जागी हिशेबनीस बसविला. संगणकाला मनातला हेतू कळत नाही. त्याला कृत्यांची जमाखर्चाची वही मात्र उत्तम ठेवता येते. १९८१ च्या ‘विझर्ड्री’त लॉर्ड नावाचा जो सत्प्रवृत्त लढवय्या-पुरोहित होता, त्याच्या मंडळींनी स्नेहभावाने समोर आलेल्या प्राण्यांवर हत्यार उचलले तर त्यांची सत्प्रवृत्ती ढळण्याचा धोका असे. या हिशेबाचा खरा कलावंत मात्र रिचर्ड गॅरियट. त्याच्या १९८५ सालच्या ‘अल्टिमा’ मालिकेतील चौथ्या खेळात मारण्यासाठी कोणी शेवटचा महाराक्षसच नाही. आठ सद्गुणांत पूर्णत्व मिळवून ‘अवतार’ होणे, हेच साध्य. आपल्याकडील हा शब्द खेळाच्या नावातच आहे. पात्राची घडणही फाशांवर किंवा आकड्यांवर होत नाही. एक भविष्यवेत्ती स्त्री दोन दोन सद्गुणांत पेच टाकून प्रश्न विचारते, आणि ज्याने अखेरपर्यंत सन्मानाची बाजू धरली त्याला पॅलॅडिन म्हणून ट्रिन्सिक नगरीत पाठविते. पुढे औषधी द्रव्ये विकणारी एक आंधळी बाई भेटते. मालाचे किती पैसे आपण तिच्यापुढे ठेवले हे तिला दिसत नाही. खेळाडू कमी नाणी ठेवतो, माल घेतो, बाई काही बोलत नाही, पडद्यावर काहीही होत नाही. फक्त आत कोठे तरी एका वहीत त्याच्या नावे वजाबाकी मांडली जाते, आणि तिचा जाब कित्येक दिवसांनी विचारला जातो. नीतीचा असा मूक हिशेब त्यानंतर फार थोड्या खेळांना जमला.

जपानी खेळकर्त्यांनी वेगळी वाट धरली. त्यांनी व्रताला कथा दिली. १९९१ च्या ‘फायनल फँटसी’ मालिकेतील चौथ्या खेळाचा नायक सेसिल हा प्रारंभी अंधाराचा सरदार आहे आणि राजाज्ञेने एका निरपराध गावाची राखरांगोळी त्याच्या हातून होते. पुढे कसोटीच्या पर्वतावर त्याला आपलीच काळी प्रतिमा आरशातून सामोरी येते, आणि लढाईची सवय झालेल्या खेळाडूला तेथे उमगते की, या द्वंद्वात वार करावयाचा नसून वार सोसावयाचे आहेत. तलवार म्यान ठेवणारा पॅलॅडिन होतो, आणि पॅलॅडिन होताच त्याचा दर्जा पुन्हा पहिल्या पायरीवर येतो. पापाची कमाई पुण्याच्या खात्यात वर्ग होत नाही, हे तत्त्व इतक्या मोजक्या साधनांनी क्वचितच कोणी सांगितले असेल.

याच्या उलट टोक ‘डायब्लो’ मालिकेतील दुसऱ्या खेळाचे. २००० साली आलेल्या या खेळात पॅलॅडिन आहे, त्याच्याभोवती सोबत्यांना बळ देणारी तेजोवलये आहेत, त्याच्या हातून गरगरत सुटणारे मंतरलेले हातोडे आहेत, आणि त्या हातोड्यांच्या जोरावर घडविलेले ‘हॅमरडिन’ हे पात्र खेळाडूंच्या बोलीत कायमचे रुजले आहे. परंतु त्याला पाळण्याजोगे एकही व्रत नाही. त्याच वर्षीच्या ‘बॉल्डर्स गेट’च्या दुसऱ्या भागात जुनी शिस्त शिल्लक होती. तेथे मंडळींची अब्रू फार घसरली की पॅलॅडिन पतित होई, आणि ‘कार्सोमीर’ हे प्रचंड खड्ग फक्त पॅलॅडिनच्याच हाती शोभे. ‘वॉरक्राफ्ट’ मालिकेने २००२ साली आर्थस या राजपुत्राच्या रूपाने पतनाची भव्य शोकांतिका रंगविली खरी, पण दोनच वर्षांनी आलेल्या तिच्या ऑनलाइन अवतारात पॅलॅडिन हा ढाल धरणारा, जखमा भरणारा किंवा प्रहार करणारा असा तीन कामांचा कसबी नोकर झाला. तेथे खेळाडू त्याच्या शीलाची चौकशी करीत नाहीत. त्याची उपयुक्तता तेवढी विचारतात.

मूळ मेजावरच्या खेळानेही दरम्यान आपली कलमे एकेक करून सैल केली. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत करिष्म्याची अट आणि मानववंशाची अट गेली. २००८ सालच्या चौथीत सत्प्रवृत्तीची अटही गेली. आणि २०१४ सालच्या पाचवीत एका सार्वत्रिक व्रताऐवजी निरनिराळ्या शपथा आल्या : कोणी निष्ठेची घ्यावी, कोणी प्राचीन निसर्गप्रकाशाची, कोणी सूडाची. सूडाची शपथ घेणाऱ्या वीराला पवित्र म्हणावे काय, हा प्रश्न गायगॅक्सला पडला असता. नव्या पिढीला तो पडत नाही, कारण तिच्या लेखी पावित्र्य दिलेल्या शब्दात आहे, शब्दाच्या आशयात नाही.

याच नियमांवर बेल्जियममधील लॅरियन स्टुडिओजने २०२३ साली ‘बॉल्डर्स गेट ३’ हा गेम काढला, आणि आजच्या खेळाडूची पॅलॅडिनशी गाठ बहुधा तेथेच पडते. तेथील घडण थोडी जवळून पाहण्यासारखी आहे. फासे गेले, आता प्रत्येकाला २७ गुणांचे भांडवल मिळते, आणि कोणताही गुण ८ पासून १५ पर्यंत चढविता येतो, वरचे आकडे महाग. रूढ पद्धतीचा खेळाडू बळ १५ करतो, करिष्मा १५ करतो, प्रकृती १४ करतो, उरलेले दोन गुण विवेकावर टाकून तो १० करतो, आणि चपळाई व बुद्धी तळाशी ८ वर सोडून देतो. नंतर मिळणारी दोनाची भर बळावर आणि एकाची करिष्म्यावर टाकली की १७ बळाचा आणि १६ करिष्म्याचा योद्धा तयार होतो. या उमेदवाराला १९७८ च्या नियमपुस्तकापुढे उभे केले तर काय होईल? बळ आणि प्रकृती पुरेशी; बुद्धी नवाऐवजी आठ, विवेक तेराऐवजी दहा, करिष्मा सतराऐवजी सोळा. पाचांपैकी तीन कलमांवर तो नापास! ज्या गुणांवर जुन्या काळी त्याची निवड झाली असती, त्यांतलेच दोन गुण आज काटकसरीच्या नावाखाली प्रथम विकले जातात.

तरीही हा नवा योद्धा केवळ बाजारू आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्याचे दोन विशेष अधिकार परंपरेला धरून आहेत. वार लागल्यानंतर तो त्यात दैवी शक्ती ओतू शकतो. साध्या खर्चात आठ बाजूंचे दोन फासे नुकसानीत अधिक पडतात, आणि समोर पिशाच किंवा सैतानी प्राणी असेल तर आणखी एक. दुसरा अधिकार सहाव्या दर्जाला मिळतो, आणि अनेक नवखे खेळाडू त्याची किंमत उशिरा ओळखतात : त्याचा करिष्मा त्याच्याजवळ उभ्या असलेल्या सोबत्यांना संकटनिवारणाच्या प्रत्येक कसोटीत साह्य करतो. १६ करिष्मा असलेला माणूस आसपासच्या सर्वांना तीनाची भर देतो, पण ती जवळ असणाऱ्यांनाच. पुढे धावत सुटणारा एकांडा पॅलॅडिन आपला सर्वात मोठा गुण वाया घालवितो. म्हणून या पात्राचे आकडे मांडताना करिष्म्यावर कात्री चालवू नये, आणि रणांगणावर दुर्बळ सोबत्यांपासून फार दूर जाऊ नये. जुन्या व्रताचा एवढा अंश तरी आकड्यांच्या भाषेत जिवंत आहे.

आणि व्रतभंगही आहे. निरपराध्यावर शस्त्र उचलले, किंवा घेतलेल्या शपथेविरुद्ध वागले, की शक्ती नाहीशी होते, आणि तळावर काळ्या चिलखतातला एक शपथभ्रष्ट सरदार येऊन उभा राहतो. तो खेळाडूपुढे दोन मार्ग ठेवतो : भ्रष्टतेचे नवे सामर्थ्य पत्कर, किंवा एक हजार सुवर्णनाणी मोजून जुनी शपथ पुन्हा मिळव. ज्या पापमुक्तिपत्रांच्या विक्रीविरुद्ध मार्टिन ल्युथरने १५१७ साली आवाज उठविला, ती विक्री पाचशे वर्षांनी एका खेळाच्या तळावर पुन्हा सुरू झालेली पाहून इतिहासाच्या विद्यार्थ्याला हसू आवरत नाही. तथापि दर उघड सांगितला आहे आणि विक्रेता स्वतःला पुण्यवान म्हणवीत नाही, एवढा प्रामाणिकपणा या व्यवहारात अधिक आहे.

पतनाला खरी पळवाट या हजार नाण्यांत नाही. ती जतन केलेल्या जुन्या क्षणाकडे परत जाण्याच्या सोयीत आहे, ज्याला खेळाडू ‘सेव्ह लोड करणे’ म्हणतात. काव्यातल्या रोलांला मदतीचे शिंग वेळेवर न फुंकल्याचे फळ भोगावे लागले, सेसिलला जळालेले गाव आयुष्यभर वाहावे लागले. आजचा खेळाडू एका कळीसरशी आपले पाप न घडलेले करून टाकतो, आणि मग त्याच्या पॅलॅडिनमध्ये व साध्या लढवय्यामध्ये पोशाखापलीकडे फरक उरत नाही. शार्लमेनच्या खिंडीपासून मांडवीच्या बंदरापर्यंत पवित्र योद्ध्याच्या इतिहासातील प्रत्येक अत्याचार एकाच कारणाने घडला : सामर्थ्य हाती होते आणि ते काढून घेणारा कोणी नव्हता. खेळाच्या नियमकर्त्यांनी ती उणीव भरून काढली, आणि हीच या पेशाची एकमेव अपूर्व गोष्ट आहे. तेव्हा ज्याला हा वीर घडवावयाचा असेल त्याने तलवारीच्या आधी शपथ निवडावी, आपल्या स्वभावाला जड जाईल अशीच निवडावी; आणि ती मोडली तर जुना सेव्ह उघडू नये, पतित म्हणूनच पुढे खेळावे.